नोटेड सर!

माझा नवरा म्हणतो, "तुमची संघटना मागण्या कमी मान्य करून घेते आणि किस्सेच जास्त जमवते." खोटं कशाला बोलू, तसंच आहे ते! मागणी मान्य झाली की माणसं विसरून जातात. फेटाळली गेली की तिचा किस्सा होतो आणि तो चहाच्या प्रत्येक कपाबरोबर पुन्हा निघतो. आमच्या जवळजवळ सगळ्याच फेटाळल्या गेल्या, त्यामुळे आमच्याकडे भरपूर आहेत.

आम्ही म्हणजे वाशीम जिल्ह्यातले कंत्राटी आरोग्य व्यवस्थापक. लोकांना डॉक्टर कळतो, नर्स कळते, आशाताई कळते. आम्ही कुणाला कळत नाही. लस वेळेवर पोचली का, ॲम्ब्युलन्स कुठल्या गावाला उभी आहे, शिबिराचा मांडव कोण टाकणार, महिन्याचा अहवाल गेला का, हे सगळं बघणारी माणसं आम्ही. तालुके सहा, तालुक्याला एक व्यवस्थापक, शिवाय मोठ्या दवाखान्यांतले थोडे.

मी मंगरुळपीरची. कारंज्याचा राऊत आमचा सचिव, तोंडानं फटकळ, मनानं मऊ. आणि अध्यक्ष वाशीम तालुक्याचे तायडे भाऊ. वयानं सगळ्यांत मोठे. दुसऱ्या कुठल्याही भरतीची वयाची अट केव्हाच मागे पडलेली. घरी म्हातारी आई, बायको, आणि अकोल्याला नर्सिंग शिकणारी पोरगी. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यांच्या नोकरीभोवतीचं आहे. ती वाचावी म्हणून आम्ही काय काय केलं, त्याचेच हे किस्से. हसू आलं तर हसा. आम्हीही हसलो होतो.

*

आमची नेमणुकीची ऑर्डर अकरा महिन्यांची. सलग काम केलं की माणूस कायम झाल्यासारखा दिसतो, अशी सरकारला भीती! म्हणून मध्ये ब्रेक द्यायचा, कागदावर नोकरी संपवायची आणि मग नवी ऑर्डर काढायची. त्या ब्रेकच्या दिवशी आम्ही कायद्यानं सरकारचे कुणीच नसतो.

भाऊंनी या ब्रेकचा सण करून टाकला होता. त्यांच्या भावाचं शेत अनसिंगच्या पलीकडे. ब्रेकच्या दिवशी सगळे तिथे जमायचे. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची झणझणीत भाजी, वरण, फोडलेला कांदा. रोडगे भाजायच्या कामाला भाऊ कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. राख झटकून, रोडगा फोडून, त्यात तूप सोडून आधी आम्हा बायकांना वाढायचे.

एका वर्षी पहिला घास घेतला आणि भाऊंचा फोन वाजला. जिल्ह्याचे साहेब! कुठलीशी माहिती वर पाठवायची होती, आत्ताच्या आत्ता.

"साहेब, आज ब्रेक आहे. आज मी नोकरीत नाही."

तिकडून बरंच काही बोलणं झालं. भाऊ उभे राहिले. "हो साहेब... हो... पाठवतो." हात धुतले, बांधावरच्या निंबाखाली लॅपटॉप उघडला आणि बसले टाइप करत. इकडे रोडगे थंड.

राऊत ओरडला, "भाऊ, तुमी तर आज नोकरीतच नाही ना!"

भाऊ मान वर न करता म्हणाले, "मी नाही. पण रिपोर्ट नोकरीत हाय ना बाप्पा!"

गेल्या खेपेला ब्रेकनंतर जी ऑर्डर आली ती अकरा महिन्यांची नव्हतीच, थोड्याच महिन्यांची होती. तेव्हाच आमच्या डोक्यात प्रकाश पडायला पाहिजे होता. नाही पडला.

*

आता मुख्य घोटाळा सांगते.

आमच्या जिल्ह्याचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. साहेब त्यावर सकाळपासून सूचना टाकत असतात आणि प्रत्येक सूचनेखाली आम्ही एकच उत्तर लिहितो, "नोटेड सर." लिहिलं नाही तर सगळ्यांसमोर नाव घेऊन विचारणा होते, "मॅडम, मेसेज पाहिला नाही का?" त्यामुळे डोळ्यांनी वाचायच्या आधी बोट लिहून मोकळं! माझ्या सासूबाईंनी एकदा मेसेज केला, येताना कोथिंबीर आण. मी लिहिलं, नोटेड सर. त्या अजून तो मेसेज पाहुण्यांना दाखवतात.

तर त्या दिवशी दुपारी शेलूबाजारला तपासणी शिबिर होतं. भल्ली गर्दी. ग्रुपवर मोठा लांबलचक मेसेज आला. पहिल्या ओळीत 'पुनर्रचनेबाबत' असं काही तरी होतं. मी लिहिलं, नोटेड सर. कारंजा, नोटेड सर. मालेगाव, नोटेड सर. रिसोड, मानोरा, सगळे नोटेड. वाशीमचं सगळ्यांत आधी आलं होतं. भाऊंनी शेवटी जोडलेल्या हातांचं चित्रही टाकलं होतं, ती त्यांची नेहमीची पद्धत.

थोड्या वेळानं भाऊंचा फोन. "ताई, तो मेसेज वाचला का तुमी?"

"हो, नोटेड लिहिलं ना भाऊ."

"काय नोटेड! नीट वाचा बाई. पुढच्या मंजुरीत दोन तालुक्यांले मिळून एकच माणूस ठेवून राह्यले. सहातले तिघं घरी!"

मी शिबिराच्या टेबलामागे मटकन खाली बसले. समोरची म्हातारी म्हणाली, "बाई, तुलेच चक्कर आली का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे निवेदन घेऊन साहेबांकडे गेलो. साहेब तसे वाईट माणूस नाहीत, पण त्यांनी खिशातून फोन काढला आणि आमच्यासमोर धरला. "काल तर कुणाचीच हरकत नव्हती! सगळ्यांनी नोटेड लिहिलंय. तायडेंनी तर वर हात जोडलेत."

 भाऊ म्हणाले, "साहेब, ते हात सवयीनं जोडले होते. आता खरे जोडतो."

आणि जोडले. एवढा मोठा माणूस, आमच्या सगळ्यांसमोर. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. साहेबांनी फोन परत खिशात टाकला आणि सगळ्यांना चहा सांगितला.

*

मग ठरलं, लढायचं! पहिली बैठक भाऊंच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या सभागृहात. आमच्या सगळ्या बैठका तिथेच होतात, कारण सभागृहाची चावी भाऊंकडे असते आणि भाडं कुणी मागत नाही.

राऊत लॅपटॉप घेऊन आला होता. पठ्ठ्यानं संपाचा मायक्रोप्लान बनवला होता! कुठल्या तालुक्यातून किती माणसं, कुठल्या गाडीनं, पाणी कोण आणणार, पर्यवेक्षण कुणाचं, संध्याकाळचा अहवाल कुणाकडे. जे येणार नाहीत त्यांच्या घरी जाऊन समजूत काढायला वेगळी फेरी. पुढे संपाच्या पहिल्या दिवसाची हजेरी झाली तसे त्यानं तालुक्यांना रंग दिले, हजेरी कमी तो लाल. मालेगाव लाल!

मालेगावची सुनीता उसळली. "माह्या तालुक्यात आपली माणसंच दोन, त्यातली एक बाळंतीण! लाल कायले करतं रे मले?"

"मंग बाळंतीण वगळून टक्केवारी काढू का?" राऊत अगदी गंभीरपणे.

भाऊंनी कपाळाला हात लावला. "अरे लेकहो, हा संप हाय का पोलिओचा डोस?"

सगळे हसले. पण संध्याकाळी निघताना भाऊ हळूच राऊतच्या लॅपटॉपमध्ये डोकावले. "काय रे, मालेगाव हिरवं झालं का?"

*

आता संप सुरू व्हायच्या आधीचा एक. जिल्हा परिषदेसमोर मांडव टाकायला परवानगी पाहिजे, म्हणून भाऊ, राऊत आणि मी पोलीस ठाण्यात गेलो. तिथले साहेब नवीन होते. अर्ज वाचून त्यांनी विचारलं, "आरोग्य व्यवस्थापक? म्हणजे डॉक्टर का?"

"नाही साहेब."

"नर्स? कंपाउंडर?"

"नाही."

"मग तुम्ही संपावर गेल्यानं बंद काय पडतं?"

काय सांगणार? दवाखाना चालू राहणार, डॉक्टर बसणार, सुई टोचली जाणार.  

भाऊ म्हणाले, "आज काही नाही पडत, साहेब. दोन महिन्यांनी विचारजा."

ठाण्याच्या साहेबांनी वर पाहिलं आणि सही करून दिली.

*

साखळी उपोषण होतं. म्हणजे आज या दोघांनी बसायचं, उद्या त्या दोघांनी. पण भाऊ रोजच बसायला लागले. "अध्यक्षाले साखळीत सुट्टी नसते," म्हणे. त्यांना ब्लडप्रेशर. गोळी उपाशीपोटी घेत होते की घेतच नव्हते, देव जाणे. विचारलं तर नुसतं हसायचे.

एका दुपारी बसल्या जागी त्यांना घेरी आली. तपासायला आलेल्या डॉक्टरांनी पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि म्हणाले, "तायडे, उठा. ॲडमिट व्हा. गाडी उभी आहे."

भाऊंनी डोळे किलकिले केले. "कोणती गाडी आणली?"

डॉक्टरांनी सांगितलं.

"ती नका आणू! ती मी आज अनसिंगसाठी ठेवली हाय. तिथल्या एका बाईचा आधीचा सिझर हाय, कळा केव्हाबी सुरू होतीन. परत धाडा."

"अहो, तुम्ही संपावर आहात ना?"

"मी संपावर हाय. ते बाई नाही ना!"

माणूस घामानं निथळतोय आणि गाडीचं नियोजन सांगतोय! डॉक्टरही ओळखीचे, त्यांनी हात टेकले. शेवटी राऊतनं मोटारसायकल काढली, भाऊंना मध्ये बसवलं, मागे एक जण धरायला, आणि नेलं दवाखान्यात.

दुसऱ्या दिवशी एका पेपरात बातमी. फोटोसकट! 'उपोषणकर्त्यास ॲम्ब्युलन्सही मिळेना, दुचाकीवरून नेण्याची वेळ.' खाली आरोग्य खात्याच्या नियोजनावर सडकून टीका.

आता आमच्या खात्याची एक रीत आहे. विरोधात बातमी आली की त्या तालुक्यानं त्याच दिवशी खुलासा करायचा. तालुका वाशीम. व्यवस्थापक कोण? तायडे!

मी दवाखान्यात भाऊंना बघायला गेले तर यांच्या हाताला सलाईन आणि कानाला फोन. ऑफिसातला क्लार्क गयावया करत होता, "भाऊ, तुमी संपावर हाय मले माहीत हाय. पण खुलासा कसा लिहितेत ते तुमच्याबिगर कोणाले येत नाही!"

भाऊंनी फोन ठेवला. "ताई, कागद घ्या."

मी म्हटलं, "भाऊ, शरम वाटू द्या त्यांना! तुमच्याच बातमीचा तुम्हीच खुलासा?"

"घ्या हो. त्याचं लेकराबाळाचं घर हाय, त्याले कायले बोलणी खाऊ द्यायची?" आणि सांगायला लागले. "सदर उपोषणकर्त्याने वाहन स्वतःहून नाकारले असून... असून लिहिलं का? ... नियोजनात कोणतीही त्रुटी नाही."

शेजारच्या खाटेवरचा पेशंट टकमका बघत होता. मी लिहीत होते आणि माझं मलाच दिसेनासं झालं होतं. अनसिंगची ती बाई त्याच संध्याकाळी सुखरूप बाळंत झाली, हे नंतर कळलं. पेपरात ते काही आलं नाही.

*

आश्वासन मिळालं, लिंबूपाणी प्यालो, मांडव उठला. आश्वासनाचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

वहिनी, म्हणजे भाऊंची बायको, त्यांच्या मागे लागल्या. "संघटना संघटना करता, एखादी दुसरी जागा तरी पाहून ठेवा." राऊतनं कारंज्यात एका खासगी दवाखान्यात शब्द टाकला. तिथे व्यवस्थापक पाहिजेच होता. भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून, लाल डब्यानं कारंज्याला गेले. आयुष्यात कितीतरी मुलाखती घेतलेला माणूस, पण समोर बसायची वेळ फार वर्षांनी आली होती. राऊत सांगतो, दवाखान्याच्या पायरीवर त्यांनी दोनदा चष्मा पुसला.

मालक डॉक्टर सज्जन. चहा दिला, अनुभव विचारला. मग म्हणाले, "तायडे साहेब, आपला अख्ख्या जिल्ह्यात संपर्क. महिन्याला पेशंट किती वाढवू शकाल?"

 भाऊंनी खरं तेच सांगून टाकलं. "डॉक्टरसाहेब, सोळा वर्षं मी तुमचे पेशंट कमीच करून राह्यलो होतो. वाढवा कसे लागतेत ते मले नाही माहीत."

डॉक्टर मनापासून हसले म्हणे. बाहेरपर्यंत सोडायला आले. "असा माणूस पाहिजे," असं राऊतला दोनदा म्हणाले. नोकरी दिली नाही.

परतीच्या गाडीत भाऊंनी मला फोन केला. मी विचारलं, "कसं झालं?" म्हणाले, "चहा चांगला होता ताई." 

*

मग साहेबांनी आम्हाला बोलावलं आणि म्हणाले, "सहामधून तीन नावं कमी करायची आहेत. मला वाईटपणा नको. तुमची संघटना आहे ना? तुम्हीच आपसात ठरवून सांगा."

बघा, कशी युक्ती! लाकूडही आमचं आणि कुऱ्हाडही आमच्याच हातात!

विहारात बैठक भरली. सगळे सतरंजीकडे बघत बसलेले. जो तो मनात दुसऱ्याचा संसार मोजतोय, हे मला दिसत होतं, कारण मीही तेच करत होते. सुनीताचा नवरा घरी बसलेला. रिसोडच्या माणसाची बायको आजारी. मानोऱ्याच्या दादांची दोन लहान लेकरं. आणि खरं सांगू का, सगळ्यांना आतून वाटत होतं की आता भाऊ उभे राहतील आणि म्हणतील, पहिलं नाव माझं लिहा. अध्यक्ष असंच करतात, असं आपण ऐकलेलं असतं.

भाऊ उभे राहिले. सगळ्यांनी माना वर केल्या.

"तुमाले वाटत असन, मी म्हणीन का मले काढा," ते म्हणाले. "मी नाही म्हणत. मले हे नोकरी पायजे. माही पोरगी शिकून राह्यली. मले दुसरं काही येत नाही. मले हेच काम येते आणि मले हेच पायजे."

आणि रडायला लागले. मोठ्यानं, लहान लेकरासारखे. पुरुष माणसाला इतक्या जणांसमोर असं रडताना मी पाहिलं नव्हतं. राऊतनं उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तर तोही रडायला लागला. मग काय, सगळ्यांचंच सुरू झालं. बाहेरून एक आजी धावत आल्या. "काय झालं? कोण गेलं?"

राऊत डोळे पुसत म्हणाला, "अजून कोणी नाही गेलं आजी. तेच ठरवून राह्यलो."

त्या दिवशी एक ठराव मात्र झाला, आणि तो मोडला नाही कुणी. साहेबांना एकही नाव द्यायचं नाही. तीन नाही, दोन नाही, एकही नाही! आमच्या संघटनेच्या जन्मात आम्ही एवढी एकच गोष्ट धड केली असेल.

*

नावं मग साहेबांनीच ठरवली. मालेगावचं काम मला जोडलं, म्हणजे सुनीता गेली. मानोरा राऊतकडे, म्हणजे मानोऱ्याचे दादा गेले. आणि वाशीम रिसोडकडे. कारण काय, तर वाशीमला जिल्ह्याचं ऑफिस आहेच, तिथे वेगळा माणूस कशाला!

सुनीताकडून चार्ज घ्यायला मी मालेगावला गेले. वाटेत ठरवलं होतं, रडायचं नाही. तिनं कपाट दाखवलं, शिक्के दिले, लॅपटॉप दिला. कुठल्या गावची आशाताई फोन उचलत नाही, कुठे आधी सरपंचाला सांगितलं की काम होतं, कुठल्या उपकेंद्राचा फ्रिज दार आपटल्याशिवाय नीट लागत नाही, सगळं सांगितलं. मला वाटलं होतं चिडेल, दोन शब्द सुनावेल. उलट तिनंच मला डब्यातली पोळीभाजी खाऊ घातली.

शेवटी तिनं तालुक्याच्या ग्रुपवर मला ॲडमिन केलं. "थांब," म्हणाली, "मीच जातो भाईर. तू काढशीन तर तुलेच वाईट वाटन."

ग्रुपवर ओळ आली, सुनीता बाहेर पडल्या.

आम्ही दोघी त्या ओळीकडे बघत होतो. तेवढ्यात खाली कुठल्याशा केंद्रावरून उत्तर आलं, "नोटेड मॅडम."

सुनीता एवढी हसली, एवढी हसली! मग तिनं टेबलावर डोकं ठेवलं. मी नुसती तिच्या पाठीवरून हात फिरवत होते.

*

हा शेवटचा सांगायचा की नाही, यावरून राऊतचं आणि माझं भांडण झालं. तो म्हणतो, हा किस्सा नाहीच. मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या संघटनेच्या घटनेत एक नियम आहे, सेवेत असेल तोच सभासद. हा नियम भाऊंनीच घातलेला. आधी आम्ही दुसऱ्या एका संघटनेत होतो. तिथे केव्हाच नोकरी सुटलेला एक पुढारी खुर्ची सोडत नव्हता आणि आमच्या वतीनं परस्पर बोलणी करून यायचा. म्हणून आपली संघटना काढताना भाऊ हट्टालाच पेटले होते. "सेवा संपली का खुर्ची संपली. मंग तो कोणीबी असो!"

ऑर्डर निघाल्यावर सर्वसाधारण सभा बोलावली. विहारातच. सुनीता आणि मानोऱ्याचे दादा आले नाहीत. भाऊ वेळेच्या आधी येऊन, सतरंजी घालून अध्यक्षाच्या खुर्चीवर बसले होते. सभेला अध्यक्ष तेच, कारण अजून ठराव व्हायचा होता.

पहिला विषय, मागचं इतिवृत्त. मंजूर. दुसरा विषय, जमाखर्च. मंजूर. तिसरा विषय भाऊंनी स्वतः वाचला. "सेवेत नसलेल्या सभासदांचे सभासदत्व संपुष्टात आणणे." तीन नावं वाचली. शेवटचं स्वतःचं. आवाज जरासुद्धा हलला नाही.

"सर्वानुमते ना?"

कुणाचाच हात वर नाही.

"अरे हात करा ना वर. नियम हाय."

राऊत म्हणाला, "भाऊ, नियम बदलू. आत्ताच बदलू!"

"बदला. पण घटना बदलाले आधी सगळ्यांले नोटीस द्या लागते. आजच्या सभेत नाही होत." भाऊ त्याला समजावून सांगत होते, नव्या माणसाला सांगतात तसं. "आज जे हाय ते करा."

मी हात वर केला. तो हात माझा नव्हताच असं मला अजून वाटतं. मग एकेक करून सगळ्यांनी वर केले. राऊतनं सगळ्यांत शेवटी, आणि तोंड भिंतीकडे करून.

भाऊंनी ठरावाखाली सही केली. पेनाला टोपण लावलं. खुर्चीवरून उठले आणि ती खुर्ची पुढे सरकवून नीट ठेवली.

"चावी माह्यापाशी हाय," ते म्हणाले. "बसतो मी भाईर पायरीवर. तुमचं आटपलं का आवाज द्या, कुलूप लावा लागन."

आणि चपला घालून गेले.

 राऊतनं कसाबसा कागद उचलला. "विषय क्रमांक चार. नवीन अध्यक्षांची निवड."  त्या खुर्चीकडे कुणी बघेना, कुणी कुणाचं नाव घेईना. 

मग खिडकीतून आवाज आला. "राऊतचं नाव घ्या!"

आम्ही सगळे खिडकीकडे वळलो. पायरीवर बसलेल्या भाऊंची पाठ तेवढी दिसत होती.

"अन् सूचक म्हणून माह्यं नाव लिहू नका बरं, ठराव बाद होईन!"